तिसरा पेड

नावाडी आला तो तुटका दोर खांद्यावर टाकूनच. पायरीशी येऊन त्यानं तो मेलेल्या सापासारखा खाली टाकला आणि आधी पाणी मागितलं.

“आबा, हा बघा तुमच्या शत्रूचा मुडदा,” तो म्हणाला. “दोन वर्षं टिकला. ओला झाला की हातातून सटकायचा, ऊन लागलं की ढिला पडायचा. काल भर नदीत ताणला, ताणला आणि फाट्कन गेला. नावेत अकरा माणसं आणि एक शेळी. माणसं गप्प होती हो, पण शेळीनं मला जे काही ऐकवलंय!”

आबांनी दोराकडे बघितलंसुद्धा नाही. चार वर्षांपूर्वी दुकानात निळे-पिवळे नायलॉनचे दोर आले आणि तेव्हापासून त्यांच्या दारी दोर मागायला कुणी फिरकलं नव्हतं. घरामागच्या चाकावर कोंबड्या बसत. आबा पायरीवर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालण्या-बोलण्यातल्या चुका काढत.

“दुकानातून आणला ना? मग दुकानात जाऊन रडा,” ते म्हणाले.

“रडून आलो. तो म्हणतो, याच्याहून जाड घे. जाड घेऊन काय करू? दोन्ही काठांना बांधलेल्या दोरावरून नाव हातानं ओढायची असते, हाताला धरवेल असा दोर पाहिजे. वाखाचा, घायपाताच्या धाग्यांचा. तुम्ही वळायचात तसा. पुढच्या सोमवारी पलीकडच्या शेतांची कापणी सुरू होतेय, सगळं गाव उतरायचंय. आणि खालच्या घाटावरचा नावाडी पण बघायला येणार आहे. हा दोर टिकला तर त्यालाही दोन हवेत.”

आता मात्र आबांनी मान वळवली. दोराची बात निघाली की त्यांचा अंगठा आपोआप तर्जनीवर फिरायला लागे, तसा तो फिरायला लागला. पण लगेच त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अंगठा थांबला.

“चालणार कोण?” ते म्हणाले.

अडचण खरीच होती. दोर वळायला दोघं लागतात. एकानं बसून चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं कमरेला वाखाचा भारा बांधून, हातानं वाख सोडत, चाकापासून उलट्या पावलांनी मागे मागे जायचं. आबा चाळीस वर्षं असे उलटे चालले होते. गावात त्यांना पाठीमागे उलटेबुवा म्हणत. चाक फिरवायच्या त्यांच्या पत्नी, म्हणजे सुनेच्या सासूबाई. आता आबांचा गुडघा दोराच्या वाटेची एकशे ऐंशी पावलं काय, अठरा पावलंही मागे जाऊ देत नव्हता आणि सासूबाईंचा खांदा धरला होता.

“मी चालते,” दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. ही सून. घरात, माहेरी, शेजारी, सगळीकडे तिचं नाव भिंगरी. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. भांडी घासताना तिचं मन कपड्यांपाशी असे, कपडे धुताना स्वयंपाकापाशी आणि जेवताना पुन्हा भांड्यांपाशी.

“तू?” सासूबाई हसू लागल्या. “अगं, तू सरळ चालताना दोनदा अडखळतेस. उलटी चालायला लागलीस तर थेट नदीत जाशील आणि नाव नाही म्हणून तुला काढायलाही कुणी येणार नाही.”

नावाडीही हसला. भिंगरीचा नवराही हसला. आबा मात्र हसले नाहीत. ते तिच्या हातांकडे बघत होते.

“हात दाखव,” ते म्हणाले.

तिनं दाखवले. आबांनी ते उलटेसुलटे करून बाजारातली वांगी पाहावीत तसे पाहिले आणि सोडून दिले. “उद्या उजाडता ये मागे,” एवढंच म्हणाले.

भिंगरीनं ‘मी’ म्हटलं त्याला कारण होतं. गेली तीन वर्षं ती नदीपलीकडे फळांच्या शेडवर जात होती. सरकत्या पट्ट्यावरून फळं येत, मोठी डावीकडे, लहान उजवीकडे, नासकी खालच्या पेटीत. आठ तास. ती फळं कुठून येतात आणि कुठं जातात, कोण खातं, कुणाला गोड लागतात, काही कळत नसे. संध्याकाळी घरी येताना तिला आपण दिवसभर काय केलं ते सांगता यायचं नाही. पावसाळ्यात शेड बंद होती, ती नेमकी त्याच सोमवारी पुन्हा उघडणार होती.

“शेडवाल्यांना मी सोमवारचं कळवलंय,” नवऱ्यानं त्याच संध्याकाळी बजावलं. तो दुधाची गाडी चालवायचा आणि वेळेच्या बाबतीत दुधासारखाच होता, जरा इकडं तिकडं झालं की नासायचा. “दोर झाला, टिकला, पुढचं काम आलं, तर राहा घरी. नाहीतर शेड. मधलं काही नको.”

“चालेल,” ती म्हणाली.

पहिला दिवस फुकट गेला. घरामागे झाडांच्या ओळीच्या सावलीतून दोराची जुनी वाट होती, मध्ये मध्ये बेचकीचे खुंट रोवलेले, वळलेला दोर जमिनीला लागू नये म्हणून. गवत माजलं होतं, ते काढलं. चाकाच्या फळीवरची कोंबड्यांची घाण आबांनी स्वतः खरवडली. मग ते चाकापाशी पाटावर बसले आणि त्यांचं तोंड कडू झालं. जन्मभर ज्या पाटावर बायको बसली, त्यावर आता ते बसले होते आणि कुंपणापाशी दोन शेजारी उभे राहून मजा बघत होते.

“आबा, बढती मिळाली वाटतं?” एकजण म्हणाला.

“तुझ्या बापाला विचार,” आबा म्हणाले आणि चाकाचा दांडा फिरवला.

भिंगरीच्या कमरेला वाखाचा भारा होता, पिंजून, विंचरून, पाणी शिंपडून मऊ केलेला. चाकाजवळच्या आकड्याला तिनं वाखाची मूठ अडकवली. आकडा गरगर फिरू लागला, वाखाला पीळ बसू लागला आणि ती मागे निघाली. दहा पावलांत पेड कुठं करंगळीएवढा, कुठं अंगठ्याएवढा, कुठं सुतासारखा. वीस पावलांवर ती खुंटाला धडकून खाली बसली. कुंपणापाशी खसखस पिकली.

“सोड, पुन्हा,” आबा म्हणाले.

पुन्हा. पुन्हा तेच. दुपारपर्यंत सात वेळा उकलून झालं. तळहातांना वाखानं बारीक बारीक चिरा पाडल्या होत्या आणि घाम त्यात शिरून आग होत होती.

“तू बघतेस कुठं?” आबांनी अखेर विचारलं.

“मागे. पुढचा खुंट कुठं आहे ते.”

“मागे डोळे आहेत तुला? नाहीत ना? मग कशाला बघतेस? वाट सरळ आहे, चाळीस वर्षांपूर्वी मीच दोरी लावून आखलीय. पाय जातात आपोआप. डोळे हातावर. हातातून जेवढा वाख गेला तेवढाच दोर. पुढच्या खुंटाचा दोर अजून झालेला नाही, त्याची काळजी तो खुंट करील.”

तिला राग आला. रागानंच ती आठव्यांदा निघाली आणि या वेळी मागे न बघण्याची शिक्षाच स्वतःला दिल्यासारखी हाताकडे बघत राहिली. वाख बोटांतून सरकत होता, पीळ येऊन त्याला धरत होता. एक मूठ संपली की दुसरी आधीच लागायला हवी, नाहीतर तिथं बारीक पडतं. ती मूठ, मग ती मूठ. पाठीत उन्हाचा एक तुकडा यायचा, मग सावली, मग पुन्हा ऊन. कधीतरी आबांचा आवाज खूप लांबून आला. “कुठं चाललीस? वाट संपली!”

ती थांबली. तिच्यापासून चाकापर्यंत सगळ्या खुंटांवर पेड पडलेला होता. सारखा नव्हता. जागोजागी गाठीगोठी होत्या. पण एका तुकड्यात होता! ती तिथं उभी राहून मोठमोठ्यानं हसू लागली आणि सासूबाई पिंजायचा वाख टाकून काय झालं ते बघायला धावत आल्या.

“हा टाकून द्यायचा,” आबा पेडावरून हात फिरवत म्हणाले. “उद्यापासून खरा.”

त्या बोलण्यानंही तिचा उत्साह गेला नाही.

मंगळवार-बुधवारात दोराच्या तीन पेडांपैकी पहिला पेड झाला. आबा लंगडत लंगडत सबंध पेडाच्या बाजूनं गेले, डोळे मिटून, मुठीत पेड धरून. तीन ठिकाणी थांबले आणि पुढं गेले. परत येऊन म्हणाले, “बरा आहे.” सासूबाईंनी भिंगरीला कोपर मारलं. “लग्नात माझ्याकडे बघून एवढंही म्हणाले नव्हते.”

गुरुवारी दुसरा सुरू झाला. आता भिंगरी उजाडण्याची वाट बघत उठत असे. अंग मोडून निघायचं, पोटऱ्या भरून यायच्या, बोटांना तेल चोळून चिंध्या बांधायला लागायच्या, आणि तरी सकाळी उठल्याबरोबर तिला कुठंतरी जायचंय अशी हुरहुर लागे, लहानपणी सहलीच्या दिवशी लागायची तशी. एकदा रात्रीच्या जेवणात नवरा तिच्याकडे टक लावून बघत राहिला.

“काय झालं?”

“तू जेवतेयस,” तो म्हणाला.

“मग रोज काय करते?”

“रोज गिळतेस आणि उठतेस. आज आमटी कशी झालीय म्हणालीस. चार वर्षांत पहिल्यांदा.”

तिनं ताटाकडे बघितलं. खरंच, तिला आमटीची चव कळत होती. तिला असंही वाटलं की हे आता सोमवारी आपल्या हातून जाता कामा नये. शेडवरचा पट्टा तिच्या डोळ्यांसमोर आला. इतकं हवंसं तिला याआधी काही वाटलं नव्हतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी दुसरा पेड पुरा झाला. त्या सकाळीच सासूबाई खांदा दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या. दवाखाना त्यांच्या बहिणीच्या गावी, म्हणून दोन दिवस राहून रविवारी येणार होत्या. आणि तिसऱ्या पेडाला मूठ अडकवायच्या वेळी चाकाचा जुना पट्टा तुटला. चाकावरून आकड्याच्या चकरीपर्यंत जाणारा, चाक फिरलं की आकडा फिरवणारा तो पट्टा, झिजून झिजून कागद झाला होता.

“नवा आहे पेटीत,” आबा म्हणाले. भिंगरी पुढं झाली तर त्यांनी तिला हातानं अडवलं. “पट्टा चढवायला काय अक्कल लागते? तू तिकडं उभी राहा.”

पट्टा त्यांनी चढवला. ओढून बघितला. बसला होता.

ती निघाली. पाच-सहा पावलं गेली असेल, तिला काहीतरी खटकलं. रोज वाख पीळ घेताना तिच्या तर्जनीवरून आत वळायचा. आज तो अंगठ्याला घासत बाहेर चालला होता. अंगठ्याला चिंधी नव्हती, कारण चार दिवसांत तिथं चिंधीची गरजच पडली नव्हती.

“आबा, आज काहीतरी उलटं लागतंय हाताला.”

“उलटी चालतेयस, उलटंच लागणार!” आबांचा गुडघा सकाळपासून सुजला होता आणि कुंपणापाशी पुन्हा तो शेजारी आला होता. “चार दिवस झाले नाहीत तर मला शिकवतेस? चाल!”

ती चालली. तिनं स्वतःचीच समजूत घातली की हात दमले असतील. शनिवारी अंधार पडायच्या आत तिसरा पेड झाला. गुडघ्यामुळे आबा उठले नाहीत, त्यामुळे पेडावरून त्यांचा हात फिरला नाही.

रविवारी सकाळी दोर वळायचा होता. नावाडी आला, त्याच्याबरोबर दहा-बाराजण आले. तीन पेडांची एकेक टोकं चाकाकडच्या तीन आकड्यांना बांधली. पलीकडची तिन्ही टोकं एका मोठ्या आकड्यात अडकवली. तो आकडा पेडांच्या पिळाच्या उलट दिशेनं फिरवायचा, म्हणजे पेडांना सुटायचं असतं एका बाजूला आणि दोर त्यांना बांधतो दुसऱ्या बाजूला. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की दोर शांत पडून राहतो, कितीही वर्षं. मध्ये तीन खाचांचा लाकडी ठोकळा धरून भिंगरी चालणार होती.

मोठा आकडा नावाड्यानंच फिरवायला घेतला. ठोकळा हळूहळू सरकू लागला, मागे पेड एकमेकांना बिलगू लागले. “आला, आला!” कुणीतरी ओरडलं.

आणि मग दोघं बिलगले, तिसरा मात्र फुगला. त्याचा वाख विस्कटून बाहेर आला, पेड सैल होऊन लोंबला. आणखी चार फेऱ्या, आणि तो म्हाताऱ्याच्या दाढीसारखा नुसता झुलू लागला.

आबा लंगडत आले, पेड हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“उलटा आहे,” ते म्हणाले. “हा पेड उलटा पिळलाय.” सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मान वर केली आणि भिंगरीकडे बघितलं. “पोरीचा हात. दुसरं काय! चार दिवसांचा हात तो. चूक माझीच, मी हिला घेतलं.”

“अरेरे,” नावाडी म्हणाला. “मग आता मी दुकानदाराला सांगून ठेवतो आबा. उद्या सकाळी माणसं उतरवायचीत मला. नाइलाज आहे.”

कुंपणापाशी कुणीतरी पुटपुटलं, “भिंगरीच ती, कुठल्याही बाजूला फिरायची.”

भिंगरीच्या कानशिलांना आग लागली. डोळ्यांत पाणी आलं, ते कुणाला दिसू नये म्हणून ती वळली आणि दोराच्या वाटेवरून चाकाकडे चालू लागली. चाकापाशी येऊन उभी राहिली. आणि तिला पट्टा दिसला.

जुना पट्टा मध्ये एक तिढा घेऊन चकरीवर जायचा, इंग्रजी आठासारखा. हा नवा सरळ बसवला होता. तिढा असला की चाक पुढे फिरलं तर आकडा मागे फिरतो. तिढा नसला की दोन्ही एकाच बाजूला. तिनं दांडा थोडा फिरवून बघितला. हो. अंगठा खरं बोलत होता.

पहिला विचार आला तो ओरडायचा. सगळे इथंच होते, दहा-बारा माणसं, सगळ्यांना पट्टा दाखवायला एक क्षण लागला असता. तिनं तोंड उघडलंही. आबा तिकडं नावाड्यासमोर उभे होते, एका पायावर भार टाकून, खाली मान घालून. ओरडलं की भांडण होणार. आबा ऐकणार नाहीत, मग नवरा येणार, मग कोण काय म्हणालं ते निघणार, आणि दुपार होणार. तिनं वर बघितलं. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांशी होतं. भांडण आणि पेड, दोन्ही आजच्या दिवसात बसत नव्हते.

राग होताच. पण त्या रागाच्या खाली, तिचं तिलाच नवल वाटेल अशी, हातांना कामाची घाई झाली होती. आणि ही घाई नेहमीची, पुढं पुढं पळणारी नव्हती.

तिनं पट्टा उतरवला, तिढा देऊन पुन्हा चढवला, आणि हाक मारली, “नावाडीदादा! संध्याकाळपर्यंत थांबा. दुकान काही पळून जात नाही.”

“वाख कुठून आणणार?” नावाड्यानं विचारलं. “संपला ना?”

“हाच उकलायचा. ज्यांना हसायचंय त्यांनी हसता हसता हात लावा.”

तिच्या आवाजात असं काही होतं की हसणारे खरोखरच कुंपणाच्या आत आले. बायका आल्या, त्यांनी बिघडलेला पेड मांडीवर घेऊन उकलायला सुरुवात केली. कुणी वाख विंचरला, कुणी पाणी शिंपडलं. त्याच गडबडीत सासूबाई गाडीतून उतरल्या, औषधाची पिशवी हातात घेऊन. काय झालं ते कुणीतरी सांगितलं. त्या काही न बोलता आधी चाकापाशी गेल्या. नव्या पट्ट्याकडे बघितलं. मग भिंगरीजवळ आल्या.

“हा कुणी चढवला होता?” त्यांनी हळूच विचारलं.

“आत्ता नको, आई.”

सासूबाईंनी एक मोठा श्वास घेतला, तो बराच वेळ धरून ठेवला आणि मग सोडला. “आण इकडं तो वाख,” त्या बायकांना म्हणाल्या. “असा विंचरतात का? केस आहेत का ते तुझे?”

आबा पाटावर येऊन बसले. दांडा हातात घेतला आणि फिरवायच्या आधी त्यांची नजर पट्ट्यावर गेली. ते तसेच थांबले. भिंगरी आकड्याला मूठ बांधत होती. तिनं वर बघितलं नाही.

“फिरवा, आबा,” ती म्हणाली.

त्यांनी फिरवलं.

त्या दिवसासारखं ती आधी कधी चालली नव्हती. वाख पुन्हा तर्जनीवरून आत वळू लागला आणि तिला एवढं बरं वाटलं की ती चालता चालता गुणगुणू लागली. बायका वाटेच्या दोन्ही बाजूंना बसून मुठी तयार ठेवत होत्या, ती जवळ आली की कमरेच्या भाऱ्यात खोचत होत्या. कुणी पाणी पाजलं, तेही चालता चालता. पहिल्या दोन पेडांना दोन-दोन दिवस लागले होते. तिसरा ऊन कलायला लागलं तेव्हा शेवटच्या खुंटावर पोचला, आणि तिला स्वतःला वाटत होतं की आपण अजिबात घाई केली नाही. आबा दिवसभर पाटावरून उठले नाहीत. दांड्यानं त्यांच्या हाताला फोड आले होते, ते पाहून सासूबाई वाख विंचरत राहिल्या.

रात्री जेवताना भिंगरी वाट बघत होती. आता म्हणतील, आता म्हणतील. आबांनी हात धुतले आणि झोपायला गेले. तिला ते लागलं. दोर झाला तरी गावात तोच बोल राहणार की सुनेनं पेड बिघडवला होता. ती बराच वेळ जागी राहिली, मग दिवसभराच्या चालण्यानं तिला झोपवलं.

सोमवारी उजाडतानाच तिन्ही पेड जोडले. या वेळी ठोकळ्यामागे दोर घट्ट, गोल, सोनेरी असा येत गेला आणि शेवटच्या पावलाला नावाड्यानं शिट्टीच मारली. जमिनीवर टाकला तर पसरून गुमान पडला. वेटोळं नाही, उसळी नाही. आठजणांनी खांद्यावर घेऊन तो नदीवर नेला, दोन्ही काठांच्या खांबांना आवळला, आणि अख्खं गाव काठावर उभं राहिलं.

“पहिल्यांदा कोण?” नावाड्यानं विचारलं.

“मी,” भिंगरी म्हणाली.

नावेत ती, सासूबाई, नवरा, शेडवर जाणाऱ्या पाच बायका, आणि आबा. गुडघा, चिखल, काही न ऐकता ते चढले. भिंगरीनं नावाड्याच्या बरोबरीनं दोर धरला आणि ओढायला लागली. पाणी अजून जोरात होतं. मध्यावर आल्यावर नाव प्रवाहानं एकदम बाजूला ओढली गेली, दोर धनुष्यासारखा वाकला. दोरातून पाणी गळलं, तो करकरला, आणि त्यानं नाव परत ओळीत आणली. हातातून सटकला नाही. एका बाईनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी, मग मागच्या काठावरून ओरडा आला.

पलीकडे उतरल्यावर शेडच्या बायका घाईनं चालू पडल्या. त्यातली एक वळली. “येतेस ना गं? हजेरी लागेल आता.”

भिंगरीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं खांबापाशी उभ्या असलेल्या मिशाळ माणसाकडे बोट दाखवलं. खालच्या घाटावरचा नावाडी सकाळपासून तिथं येऊन बसला होता. तो दोर चाचपत होता, नखानं खरवडत होता, कान लावून ऐकत होता.

“दोर चांगला आहे,” तो आबांना म्हणाला. “दोन घेईन. पण एक ऐकलं ते खरं का? सूनबाईनं एक पेड उलटा पिळला होता म्हणे. माझ्या नावेत शाळेची पोरं असतात. दुसऱ्याचा हात असेल तर बघतो.”

बातमी दोराच्या आधी नदी ओलांडून आली होती. भिंगरी खाली बघत उभी राहिली. आता शेडच्या बायकाही थांबल्या होत्या.

आबांनी आधारासाठी दोर धरला.

“तिनं नाही,” ते म्हणाले. “मी. पट्टा मी चढवला, सरळ चढवला. त्याला तिढा द्यायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली होती हाताला उलटं लागतंय. मी तिला गप्प केलं, आणि काल सगळ्यांसमोर तिच्यावर ढकललं.” ते थांबले. मग सासूबाईंकडे बघून, आवाज जरा खाली आणून म्हणाले, “उलटा चालणारा माणूस चाकाकडे तोंड करून चालतो. चाळीस वर्षं मी चाकाकडे तोंड करून चाललो, आणि ते कसं फिरतं हे एकदाही बघितलं नाही.”

सासूबाईंना प्रत्येक गोष्टीवर बोलायला काहीतरी असायचं. आता त्या नदीकडे बघत राहिल्या.

मिशाळ नावाड्यानं घसा साफ केला. “मग दोन दोरांना किती दिवस लागतील, आबा?”

“मला काय विचारता? मी चाकावर असतो. चालणारीला विचारा.”

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. आठवड्यापूर्वीची भिंगरी असती तर ‘पाच दिवस’ म्हणून मोकळी झाली असती. तिनं आपले चिरलेले तळहात बघितले, मनात पेड मोजले.

“सोळा,” ती म्हणाली.

“अठरा सांग,” आबा म्हणाले. “दोन दिवस मला चाक शिकायला लागतील.”

“दोन दिवसांत?” सासूबाईंना अखेर आवाज सापडला. तो थोडा ओला होता. “वीस सांग गं. आणि आधीच सांगून ठेवते, शिकताना मला उलट बोलायचं नाही.”

“बरं,” आबा म्हणाले.

शेडच्या बायका हसत हसत पुढं निघाल्या. भिंगरी नावेत चढली, दोर दोन्ही हातांत घेतला आणि आपली माणसं घेऊन घराकडे ओढायला लागली.